साध्या मंगळवारी कसं वाटतं, ते बघा

पत्र:

‘ताई, मी सांगलीची. बी.एड. झाल्यावर तिथल्याच एका शाळेत इंग्रजी शिकवत होते. फेब्रुवारीअखेर दक्षिण कोरियात सुनचॉन या गावी आले, इथल्या माध्यमिक शाळेत इंग्रजीची सहशिक्षिका म्हणून. आता शाळेने विचारलंय, पुढच्या वर्षाचा करार करणार का? माझं उत्तर काही ठरत नाही. त्रास म्हणावा असा काहीच नाही. उलट रोज काहीतरी छोटंसं छान घडतं. मी मांस खात नाही हे जेवणघरातल्या मावशींच्या लक्षात आहे, त्या माझ्या ताटात पालेभाजी जास्त वाढतात. एक मुलगा वर्गात तोंड उघडत नाही, पण जिन्यात भेटला की “टीचर, टुडे व्हेरी कोल्ड” एवढं म्हणून पळतो. बाजारातल्या एक आजी पिशवीत वरून मूठभर भाजी टाकतात. दिवस यात भरून जातो आणि मी खूश असते. पण रविवारी घरी फोन केला की यातलं काही सांगता येत नाही. भाऊ विचारतो, शिल्लक किती पडली? काकू विचारते, लग्नाचं काय ठरवलंस? आई काहीच विचारत नाही. बाबा गेल्यापासून ती एकटीच असते. फोन ठेवला की वाटतं, एवढ्याशा गोष्टींवर खूश राहणं म्हणजे मी माझीच समजूत घालतेय का? एवढ्यासाठी कुणी घर सोडून राहतं का?’

— एक शिक्षिका, सुनचॉन

उत्तर:

आधी प्रश्नाचं सरळ उत्तर देते. नाही, तुम्ही स्वतःची समजूत घालत नाही आहात. समजूत घालणाऱ्या माणसाच्या तोंडी मोठमोठे शब्द असतात. अनुभव मिळतोय, जग बघायला मिळतंय, करिअरला उपयोग होईल, असं काहीबाही. तुम्ही पालेभाजी लिहिलीत आणि जिना लिहिलात. ज्याला खरंच आवडतंय, तोच असं लिहितो.

मीही काही वर्षं कोरियात शिकवलं आहे. तुमच्या दक्षिणेकडच्या गावात नव्हे, पूर्व किनाऱ्यावरच्या एका गावात. त्यामुळे जिन्यातला तो मुलगा मला अगदी डोळ्यांसमोर दिसतो. त्याच्याबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण तुम्ही त्याला ‘एवढीशी गोष्ट’ म्हटलंत आणि ते मला पटलेलं नाही.

तिथल्या वर्गात इंग्रजी हा आधी परीक्षेचा विषय असतो, बोलायची भाषा फार नंतर. नोव्हेंबरात बारावीच्या मुलांची विद्यापीठप्रवेशाची परीक्षा होते, सुनुंग. तुम्ही पहिल्यांदाच पाहाल. त्या दिवशी कचेऱ्या उशिरा उघडतात, उशीर झालेल्या मुलांना पोलीस आपल्या गाडीतून केंद्रावर सोडतात आणि इंग्रजी ऐकण्याचा भाग चालू असताना देशभरात विमानांची उड्डाणं आणि उतरणं साधारण अर्धा तास थांबवतात. ज्या भाषेच्या परीक्षेसाठी विमानं खोळंबतात, त्या भाषेत चुकीचं वाक्य चारचौघांत बोलायला तेरा वर्षांचं मूल किती घाबरत असेल? वर्गात चुकलं की तीस जण ऐकतात. जिन्यात तुम्ही एकट्याच. त्याने कुणी न विचारता, मार्कांचा संबंध नसताना, स्वतःच्या मनातलं वाक्य तुमच्यापाशी येऊन बोललं. व्याकरण जाऊ द्या. तुम्हाला ज्या कामासाठी बोलावलं, ते काम त्या जिन्यात झालं.

यात आणखी एक गोष्ट आहे. परदेशी इंग्रजी शिक्षक म्हटलं की तिथल्या मुलांपुढे अमेरिका, कॅनडा, ब्रिटन अशा देशांचा माणूस येतो, कारण या कामाचा व्हिसा बहुतेक करून इंग्रजी मातृभाषा असलेल्या सात देशांच्या नागरिकांना मिळतो. भारतीय शिक्षकांना वाट मिळाली ती १ जानेवारी २०१० पासून लागू झालेल्या भारत-कोरिया आर्थिक करारामुळे. तरीही आपली माणसं या कामात थोडीच आहेत. तुमच्या मुलांपैकी बहुतेकांनी तुमच्याआधी भारतीय माणसाच्या तोंडून इंग्रजी ऐकलेलं नसणार. दुसऱ्या भाषेत वाढूनही इंग्रजी आपली करून घेता येते, हे त्यांना तुमच्या रूपात रोज दिसतं. घरी मराठी बोलणारी बाई इतकं सहज बोलते, मग आपणही बोलू शकू, असं एखाद्याच्या मनात आलं तर ते कुठल्या पाठ्यपुस्तकातून आलं नसतं.

तेव्हा पुढच्या वर्षी राहायचं ठरलं, तर शाळेकडे एक मागणी करा. माध्यमिकच्या पहिल्या वर्गाला, म्हणजे आपल्या साधारण सातवीच्या मुलांना, एक सत्र लेखी परीक्षा नसते. २०१६ पासून ही पद्धत देशभर आहे. त्या सत्रातली मुलं वेगळीच असतात, मोकळी, हसरी, प्रश्न विचारणारी. त्यांचे जास्तीत जास्त तास मागून घ्या. आणि पहिला कोण बोलणार, फळा कोण पुसणार, गट कसे पडणार, हे ठरवण्याचं काम कावी-बावी-बोवर सोपवून द्या. दगड-कागद-कात्रीच्या या खेळावर कोरियातली मुलं निमूटपणे न्याय मान्य करतात. शिक्षकाने नाव घेतलं तर तोंड पाडणारं मूल या खेळात हरलं की हसत उठतं. शिक्षक हरला तर अख्खा वर्ग बाकावर उभा राहतो. मुद्दाम हरू नका, त्यांना लगेच कळतं.

आता तुमच्या प्रश्नाच्या दुसऱ्या भागाकडे येते. एवढ्यासाठी कुणी घर सोडून राहतं का?

घर सोडताना माणूस एवढ्यासाठी सोडत नाही, हे खरं. तुम्हीही पगार, नवा देश, कामाचा अनुभव यांसाठीच गेला असणार. पण माणूस तिथे राहतो तो कशामुळे, हे वेगळं. पगार महिन्यातून एकदा जमा होतो. नवा देश दोन महिन्यांत जुना होतो. उरतात ते तीनशेसाठ दिवस, आणि ते तुम्ही पत्रात लिहिलंत तशा गोष्टींनीच भरतात किंवा रिकामे राहतात. मी कोरियात भरपूर पगार घेऊन रिकामी संध्याकाळ घालवणारी माणसं पाहिली आहेत. त्यांच्या खोलीत सगळं होतं, पण गावात त्यांना नावाने ओळखणारं कुणी नव्हतं.

तुम्हाला ओळखणारी माणसं आपोआप मिळालेली नाहीत. त्या मावशींना तुम्ही कधीतरी तोडक्यामोडक्या कोरियनमध्ये सांगितलं असणार, हे मी खात नाही, हे आवडलं. आजींकडे तुम्ही पुन्हा पुन्हा गेलात म्हणून वरची मूठ आली. सुनचॉनचा खालचा बाजार २ किंवा ७ ने संपणाऱ्या तारखांना भरतो, वरचा ५ किंवा ० ने संपणाऱ्या. तुम्हाला त्या तारखा पाठ असतील, कारण तिथे राहणाऱ्यांचा आठवडा त्यांवरच चालतो. पाहुणा म्हणून आलेल्या माणसाला बाजार दिसतो, आजींना त्याची आठवण राहत नाही. तुम्ही लक्षात ठेवण्याजोग्या झालात, हे तुमच्या आठ महिन्यांचं काम आहे. त्याला किरकोळ म्हणू नका.

मात्र तुमच्या पत्रातली एक गोष्ट मला खटकली आणि ती स्पष्ट सांगायला हवी. तुमचे बहुतेक आनंद शाळेला बांधलेले आहेत. जेवणघर, जिना, वर्ग. डिसेंबर संपता संपता शाळेला सुट्टी लागेल आणि फेब्रुवारीपर्यंत मुलं नसल्यासारखीच. मधे तुम्हाला इंग्रजीचं शिबिर घ्यायला लावतील, बाकीचे दिवस थंड इमारतीत रिकाम्या टेबलाशी किंवा आपल्या खोलीत. परदेशात शिकवणाऱ्यांना जानेवारी जड जातो, तो थंडीपेक्षा या रिकामपणाने. तुम्ही वसंत, उन्हाळा आणि पानगळ पाहिली, हा महिना पाहिलेला नाही. करारावर सही त्याआधी करावी लागणार, म्हणून त्याची तयारी आत्ताच करा.

आणि त्यासाठी तुमचं गाव फार चांगलं आहे. सुनचॉनच्या खाडीत हिवाळा काढायला उत्तरेकडून हुडेड क्रेन जातीचे क्रौंच पक्षी येतात, राखाडी अंगाचे, पांढऱ्या मानेचे. ते तारांना अडकून जखमी होऊ नयेत म्हणून गावाने २००९ मध्ये भातशेतांतले २८२ विजेचे खांब काढून टाकले. ज्या गावाने पाखरांसाठी खांब उपटले, तिथे हिवाळ्यात एकदा तरी पहाटे खाडीतल्या उंच पाणगवताच्या बनाकडे जायला हवं. कानटोपी आणि दोन मोजे घाला. तिथल्या मुलांच्या ग्रंथालयातही जा. ‘चमत्काराचं ग्रंथालय’ नावाची जी मुलांची ग्रंथालयं कोरियात उभी राहिली, त्यांतलं पहिलं २००३ मध्ये सुनचॉनलाच झालं. चित्रांची पुस्तकं घेऊन कोरियन वाचायला बसा. सुट्टीतली तुमचीच दोन मुलं तिथे सापडतील आणि तुमचे उच्चार सुधारतील. शिकवणाऱ्याला शिकताना पाहिलं की मुलांची भीती अर्धी होते.

जोग्येसान डोंगर तर तुमच्या हाताशीच आहे. एका अंगाला सॉनामसा, दुसऱ्या अंगाला सोंगग्वांगसा, दोन्ही जुने बौद्ध मठ, आणि डोंगर ओलांडून एकाकडून दुसऱ्याकडे जाणारी पायवाट. वाटेत मध्यावर बोरीबापच्या खानावळी आहेत. जवाचा भात, त्यावर सात-आठ तऱ्हेच्या पालेभाज्या, तिखटाची लाल चटणी, सगळं एका वाडग्यात कालवायचं. मांस न खाणाऱ्याला कोरियात रोजच शोधाशोध करावी लागते, रश्शातसुद्धा बहुधा सुक्या मासळीचं पाणी असतं आणि किमचीत खारवलेली कोळंबी. या डोंगरावर तुम्हाला दुसऱ्याच्या ताटाकडे बघावं लागणार नाही. मठांच्या स्वयंपाकात तर कांदा-लसूणही नसतो, तेव्हा पुढे आई आली तर तिलाही तिथे निर्धास्त जेवता येईल. चढावर एखाद्या काकूंनी काकडीचा किंवा संत्र्याचा तुकडा पुढे केला, तर नको म्हणू नका. डोंगरात भेटलेल्या अनोळखी माणसाला काहीतरी खायला देणं तिथे फार आपुलकीने होतं. तुम्हीही खिशात शेंगदाण्याची चिक्की ठेवा, म्हणजे उलट काही देता येईल.

नोव्हेंबरअखेर तुमच्या सहशिक्षिकेकडे किंवा घरमालकिणीकडे हिवाळ्याची किमची घालायचा दिवस असेल, किमजांग. युनेस्कोने २०१३ मध्ये त्याला मानवतेच्या अमूर्त वारशात घेतलं, पण तिथे जमणाऱ्या बायकांना त्याचं काही विशेष वाटत नाही. त्यांना शंभरेक कोबींची काळजी असते. बोलावलं तर जा. न बोलावलं तरी विचारा, मदतीला येऊ का. खारवलेल्या कोबीच्या पानापानात मसाला भरत चार तास जमिनीवर बसलात, की वर्षभरात झाल्या नसतील एवढ्या ओळखी होतात. भाषा कमी पडली तरी हात चालतात. जुने कपडे घाला, तिखटाचे डाग जात नाहीत.

आता फोनकडे वळूया, कारण मला वाटतं तुमचा खरा अडसर कोरियात नाही, रविवारच्या त्या फोनमध्ये आहे.

रविवारी सगळे एकत्र जमतात आणि प्रश्न विचारतात. प्रश्नाला उत्तर लागतं, आणि तुमच्या दिवसात घडतं ते उत्तर म्हणून सांगण्यासारखं नसतं. ‘शिल्लक किती?’ या प्रश्नाला ‘मावशींनी पालेभाजी जास्त वाढली’ असं कसं सांगणार? म्हणून तुम्ही ‘सगळं ठीक’ म्हणता, आणि फोन ठेवल्यावर तुम्हालाच तुमचं आयुष्य रिकामं वाटतं. आयुष्य भरलेलंच आहे, फोन मात्र चुकीच्या वेळी होतोय.

कोरियाची वेळ आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे आहे. तुम्ही साडेचारला शाळेतून निघता तेव्हा सांगलीत एक वाजलेला असतो. आईचं जेवण होऊन ती नुकती टेकलेली असेल. आठवड्यातून दोनदा त्या वेळी, बसथांब्यापर्यंत चालत असताना, फक्त आईला फोन करा. दहा मिनिटं पुरे. तेव्हा भाऊ नसेल, काकू नसेल. तिला जिन्यातल्या मुलाबद्दल सांगा. चुसॉकच्या सणाला तिथे सोंगप्यॉन करतात, तांदळाच्या उकडीची पारी, आत तीळ-साखरेचं सारण, आणि पाइनच्या सुयांवर ठेवून वाफवतात. त्याचा फोटो तिला दाखवलात तर ती नक्की विचारेल, कळ्या कुठे गेल्या? आणि मग उकड कशी काढतात, पाण्याला आधण यायला हवं की नको, यावर दहा मिनिटं कमीच पडतील. चुसॉक चंद्रावर चालतो. कधी तो अनंत चतुर्दशीच्या आसपास येतो, २०२५ मध्ये तर ६ ऑक्टोबरला, थेट कोजागिरीच्या दिवशी आला. दोन घरांच्या सणांची अशी गाठ पडते, हे आईला एकदा सांगून ठेवा, पुढच्या वर्षीची तारीख तीच कॅलेंडरवर शोधेल.

आईच्या एकटेपणाबद्दल मात्र अंदाजावर जाऊ नका. ती काही विचारत नाही, याचा अर्थ तुम्ही ‘तिला मी हवी आहे’ असा लावलात. अर्थ तोही असेल, किंवा तुमच्या आवाजातून तिला सगळं समजत असेल, किंवा फोनवर इतरांसमोर तिला बोलायला जमत नसेल. त्या दुपारच्या फोनवर तिला सरळ विचारा: आई, मी आणखी एक वर्ष राहिले तर तुला चालेल का? तुझी तब्येत, रात्रीचं एकटं असणं, दवाखाना, बँक, यातलं काय अडतं? तिने काही खरी अडचण सांगितली, तर ती सोडवता येते का ते भावाबरोबर बसून बघा. आणि ती सुटण्यासारखी नसेल, तर परत या. मी कोरियावर जीव असूनही हे लिहिते आहे. आईची गरज आणि जिन्यातला मुलगा या दोन गोष्टी एका तराजूत घालू नका, तुम्हालाच त्रास होईल. पण तिने न मागितलेला त्याग तिच्या नावावर करून परत आलात, तर तो पुढे तुमच्या दोघींमध्ये बसून राहील.

भावाचा प्रश्नही वाईट नाही, हे लक्षात घ्या. पैशाचा हिशेब हवाच. महिन्याला एकदा त्याला आकडा लिहून पाठवा, म्हणजे रविवारचा तो विषय संपेल. कोरियाच्या कायद्याने नोकरीचं एक वर्ष पूर्ण झालं की जाताना साधारण महिन्याच्या पगाराएवढी रक्कम मिळते, वर्ष अर्धवट टाकलं तर मिळत नाही. त्यामुळे परत यायचं ठरलं तरी चालू करार फेब्रुवारीपर्यंत पुरा करा. नव्या करारात घराची सोय, सुट्ट्यांचे दिवस आणि शिबिरांचे तास नीट वाचा. मागच्या करारात तोंडी ठरलेलं काही असेल तर ते या वेळी लिहून घ्या. पगार रखडतोय, घरात ओल आहे, कामाच्या वेळेचा पत्ता नाही, असं असताना कुणी ‘पण मुलं किती गोड आहेत’ म्हणून राहत असेल, तर मी त्याला निघून जा असंच सांगते. तुमच्या पत्रात असं काही नाही, म्हणून तुम्हाला ते सांगत नाही.

काकूंच्या प्रश्नाचं उत्तर तुम्हाला द्यावंसं वाटेल तेव्हा द्या. या निर्णयात त्याला जागा नाही.

आणि निर्णय रविवारी रात्री घेऊ नका. रविवारी घर जवळ असतं आणि सोमवार समोर असतो, त्या वेळी माणूस कुठल्याही देशात राहायला नको म्हणतो. मुलांनी फळा भरून अभिनंदन लिहिलं, त्या दिवशीही घेऊ नका. एखादा अगदी साधा मंगळवार निवडा. पाऊस नाही, सण नाही, कुणी कौतुक केलं नाही, कुणी दुखावलं नाही. शाळेतून घरी या, शाळेच्या चपला काढून ठेवल्यात, खालून तापवलेली खोलीची जमीन गरम झालीय, कुकर लावलाय. त्या वेळी स्वतःला विचारा, पुढच्या वर्षीही असाच मंगळवार चालेल का? लगोलग तीन आठवडे विचारून बघा. तिन्ही वेळा मन हो म्हणालं, आणि आईशी मोकळं बोलणं झालेलं असलं, तर सही करा. एकाच वर्षाची करा. त्याच्या पुढचं पुढे.

सही केलीत तर आईला मार्चमध्ये बोलवा. शाळा नुकती सुरू झालेली असेल, पण शनिवार-रविवार तुमचा. शेजारच्या ग्वांगयांगला सॉमजिन नदीकाठी डोंगरउतारभर प्लमची फुलं असतात आणि सॉनामसाच्या आवारातली जुनी झाडंही त्याच सुमारास फुलतात. सोलहून सुनचॉनला थेट वेगवान रेल्वे आहे, तरी तिला विमानतळावर घ्यायला तुम्ही स्वतः जा. भारतीयांना कोरियाचा व्हिसा आधी काढावा लागतो, त्याची तयारी डिसेंबरातच सुरू करा. तुमच्या नोकरीचा दाखला शाळेतून सुट्टी लागायच्या आधी मागून ठेवा, कारण जानेवारीत सही करणारं माणूस जागेवर असेलच असं नाही. आणि आईला सांगून ठेवा, ताजी फळं आणि बियाणं पिशवीत घालू नको, विमानतळावर काढून घेतात. भाजणी आणि मेतकूट मात्र डबा भरून आणायला सांगा, एक डबा जेवणघरातल्या मावशींसाठी वेगळा.